अफगाण मैत्रिणीचा व्हिसा संपतोय: आश्रयासाठी काय, कधी आणि कुठे करायचं

पुण्याला अफगाण विद्यार्थी नवे नाहीत. २०२१ च्या कितीतरी आधीपासून आयसीसीआरच्या (भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या) शिष्यवृत्तीवर किंवा घरच्या पैशांवर मुलं-मुली इथे शिकायला येत होती, पदवी घेऊन परत जात होती. १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबानने काबूल घेतलं आणि मुलींसाठी ही परतीची वाट बंद झाली. तेव्हापासून दरवर्षी कुणाची तरी शेवटची परीक्षा होते, कॉलेजचा आणि तिचा संबंध संपतो, आणि व्हिसावरची तारीख जवळ येत राहते.

हा लेख अशा मुलीच्या आसपासच्या माणसांसाठी आहे: वर्गमैत्रिणी, मार्गदर्शक शिक्षक, घरमालकीण काकू. उत्तरार्ध युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे, कारण तिथला कायदा इथल्यापेक्षा अगदी वेगळा आहे. नियम बदलत राहतात, त्यामुळे अर्ज करण्याआधी निर्वासितांच्या कामाची सवय असलेल्या वकिलाला एकदा भेटाच. पण वकिलाकडे जाताना हातात काय हवं आणि त्याआधी कोणत्या चुका टाळायच्या, एवढं इथे सांगता येईल.

पहिली पायरी: बंदीचा क्रम तारखांसह माहीत करून घ्या

‘तिकडे बायकांचे फार हाल आहेत’ या वाक्याचा अर्जात काही उपयोग नसतो. कोणत्या दिवशी कोणतं दार बंद झालं, हे सांगावं लागतं. सप्टेंबर २०२१ मध्ये माध्यमिक शाळा फक्त मुलग्यांसाठी उघडल्या. महिला मंत्रालयाच्या इमारतीत ‘सद्गुणप्रसार आणि दुर्गुणप्रतिबंध’ मंत्रालय आलं. त्याच डिसेंबरमध्ये ७२ किलोमीटरहून लांबच्या प्रवासाला जवळचा पुरुष नातेवाईक, म्हणजे महरम, सोबत असण्याची सक्ती झाली. २३ मार्च २०२२ ला सहावीपुढच्या मुली शाळेच्या फाटकापर्यंत आल्या आणि तिथूनच घरी पाठवल्या गेल्या. मे २०२२ मध्ये चेहरा झाकण्याचं फर्मान निघालं, २० डिसेंबर २०२२ ला विद्यापीठं बंद झाली आणि चारच दिवसांनी स्वयंसेवी संस्थांमधल्या नोकऱ्या गेल्या. जुलै २०२३ मध्ये ब्यूटी पार्लरं बंद करायला लावली. ऑगस्ट २०२४ च्या ३५ कलमी कायद्याने बाईचा आवाजसुद्धा लपवण्याची गोष्ट ठरवली. डिसेंबर २०२४ मध्ये सुईण आणि नर्सचं शिक्षणही थांबलं. बायकांवर पुरुष डॉक्टरने उपचार करण्यावर जिथे बंधनं आहेत, त्याच देशात हे घडलं.

आता तिच्या आयुष्याच्या तारखा या क्रमाशेजारी लिहा. ती भारतात आली तेव्हा धाकटी बहीण कितवीत होती? आई शिक्षिका होती का, तिची नोकरी कधी गेली? ही वही म्हणजे पुढच्या सगळ्या कामाचा पाया. ती तिनेच लिहायची, तिच्या भाषेत. तुम्ही फक्त शेजारी बसायचं.

भारतात कोणती दारं आहेत

भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे आश्रयाचा वेगळा कायदाही नाही. इथे आश्रय हा हक्क म्हणून मागता येत नाही, तो प्रक्रियेतून मिळवावा लागतो. तरी दोन दारं आहेत.

पहिलं दार सरकारी आहे आणि त्याची फार थोड्यांना माहिती असते. २९ डिसेंबर २०११ ला केंद्रीय गृहमंत्रालयाने, निर्वासित असल्याचं सांगणाऱ्या परदेशी व्यक्तींसाठी एक कार्यपद्धती ठरवून दिली. वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, वांशिक ओळख, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यामुळे छळाची रास्त भीती असेल, तर प्रकरण दीर्घकालीन व्हिसासाठी गृहमंत्रालयाकडे पाठवता येतं. या यादीत ‘लिंग’ स्पष्ट लिहिलेलं आहे. १९५१ च्या मूळ करारात ते नाही. म्हणजे अफगाण बाईला लागू पडणारा जो शब्द करारात नाही, तो करारावर सही न केलेल्या आपल्या देशाच्या कागदावर आहे. तो वापरला किती जातो, हा वेगळा प्रश्न. पण अर्जात या कार्यपद्धतीचा उल्लेख करायला विसरू नका. दीर्घकालीन व्हिसा मिळाला तर खासगी नोकरी आणि शिक्षण दोन्हीला परवानगी असते.

दुसरं दार संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचं, म्हणजे यूएनएचसीआरचं. कार्यालय दिल्लीत, वसंत विहारला आहे. अफगाण लोकांची तपासणी करून निर्वासित कार्ड देण्याचं काम भारतात तेच करतात. हे कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे आणि नोकरीचा परवानाही नव्हे. पण पोलिसांनी अडवलं तर उपयोगी पडतं, आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तेच मागितलं जातं.

नागरिकत्व सुधारणा कायद्याबद्दल लोक हमखास विचारतात. तो अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांसाठी आहे. दिल्लीच्या टिळकनगरातल्या अफगाण शीख कुटुंबातल्या बाईची वाट म्हणून वेगळी. तुमची मैत्रीण मुसलमान असेल, हजारा असेल, ताजिक असेल, तर त्या कायद्यात तिच्यासाठी काही नाही.

कोर्टाचा आधारही आहे. घटनेचं २१ वं कलम फक्त नागरिकांसाठी नाही, प्रत्येक व्यक्तीसाठी आहे. चकमा लोकांच्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. उद्या परत पाठवण्याची नोटीस आली तर वकील इथूनच सुरुवात करेल.

व्हिसा संपायच्या सहा महिने आधी

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: व्हिसा संपू देऊ नका. इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ हा नवा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे. मुदत संपल्यावर राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आश्रयाचा अर्ज केला म्हणून हे कलम आपोआप बाजूला होत नाही.

म्हणून मुदतीच्या सहा महिने आधी गाइडशी बोला. पुढच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेणं हा सगळ्यात स्वच्छ मार्ग आहे. पदवी झाली असेल तर पदव्युत्तर, ते झालं असेल तर पीएचडी. मुदतवाढीचा अर्ज ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, पोर्टलवर करायचा. त्यासाठी संस्थेचं बोनाफाइड, फीची पावती, गुणपत्रकं आणि राहत्या जागेचा पुरावा लागतो. संस्थेनेही तिची माहिती आपल्या बाजूने ऑनलाइन भरलेली असावी लागते. हे काम आंतरराष्ट्रीय विद्यार्थी विभागातल्या एखाद्या टेबलावर अडकून बसतं. तिथे अफगाण मुलगी एकटी गेली तर ‘उद्या या’ ऐकून परत येते. सोबत प्राध्यापक असले की तेच काम त्या दिवशी होतं. हे योग्य नाही, पण तसं आहे खरं. शिक्षकांनी करायची मोठी मदत हीच.

घरमालकीण काकूंसाठी वेगळं सांगतो. परदेशी व्यक्ती घरात राहायला आली की २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावं लागतं. याला आजवर फॉर्म सी म्हणत आलेत. पेइंग गेस्ट ठेवलीत तरी, मुलीची मैत्रीण म्हणून ठेवलीत तरी. भाडेकरार नोंदवा, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्या. अनेकजण ‘कशाला झंझट’ म्हणून हे टाळतात, आणि मग मुदतवाढीच्या वेळी तिच्याकडे पत्त्याचा पुरावाच नसतो. काकू, तुमच्या एका सहीवर तिचं वर्ष उभं असतं.

शेवटची कटकट पासपोर्टची. तोही संपत आला की कुणीतरी सहज म्हणतं, ‘मुंबईच्या वाणिज्य दूतावासात जाऊन ये.’ थांबा. नोव्हेंबर २०२४ पासून तिथे तालिबानने नेमलेला अधिकारी काम पाहतो. तिथे फॉर्म भरणं म्हणजे तिचा पत्ता, फोन आणि फोटो त्या सरकारच्या हाती देणं. शिवाय ज्या सरकारपासून संरक्षण मागायचं त्याच्याचकडून पासपोर्ट घेतला, तर आश्रयाच्या दाव्यावर प्रश्न उभा राहू शकतो. कधीकधी तरीही जावं लागतं. पण तो निर्णय वकिलाला विचारून, आणि मागे राहिलेल्या घरच्यांचा विचार करून तिने घ्यायचा. तिच्या वतीने आपण दूतावासाला ईमेल वगैरे अजिबात करू नये.

यूएनएचसीआरकडे नोंदणी आणि मुलाखत

शिकायला आलेली मुलगी निर्वासित कशी, असं तिलाही वाटत असतं. देश सोडला तेव्हा धोका नव्हता, नंतर निर्माण झाला, तरी माणूस निर्वासित ठरू शकतो. त्यामुळे ‘मी तर विमानाने, व्हिसा घेऊन आले’ ही अडचण नाही.

आधी नोंदणीची विनंती करायची, मग भेटीची तारीख मिळते. पहिल्या भेटीत माहिती, फोटो आणि बोटांचे ठसे घेतले जातात आणि अर्ज विचाराधीन असल्याचा कागद मिळतो. खरी मुलाखत नंतर होते. मधला काळ लांबतो, कधीकधी खूपच. पुण्याहून दिल्लीच्या फेऱ्या कराव्या लागतात. तिकीट काढून देणं आणि दिल्लीत तिला दोन दिवस उतरवून घेईल असं घर शोधणं, हे आपण सहज करू शकतो. लाजपतनगर, भोगल, मालवीयनगर या भागांत अफगाण कुटुंबं बऱ्याच वर्षांपासून आहेत. तिथल्या नानवायांच्या, म्हणजे अफगाणी रोटी भाजणाऱ्यांच्या, दुकानांत चौकशी केली तरी ओळखी निघतात.

कागदांत सगळ्यात जास्त घोळ तारखांचा आणि नावांचा होतो. अफगाणिस्तानात हिजरी शम्सी पंचांग वापरलं जातं. वर्ष नवरोजला, २१ मार्चच्या सुमारास सुरू होतं. नवरोज ते डिसेंबरअखेरच्या तारखेसाठी वर्षात ६२१ मिळवायचे, जानेवारी ते नवरोजपर्यंत ६२२. काबूल पडलं तो दिवस त्यांच्या पंचांगात २४ असद १४००. जुन्या कागदी तज़्किऱ्यावर, म्हणजे तिथल्या ओळखपत्रावर, बहुधा जन्मतारीख नसतेच. ‘अमुक साली वय इतकं’ एवढंच असतं. त्यामुळे पासपोर्टवर १ जानेवारी, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच काही. हे विसंगत दिसतं म्हणून घाबरून एक तारीख ‘दुरुस्त’ करू नका. फरक का पडला ते एका कागदावर लिहून जोडा. नावाचंही तसंच. बऱ्याच बायकांना आडनाव नसतं, तज़्किऱ्यावर वडील आणि आजोबांचं नाव असतं, आणि आईचं नाव छापायची परवानगी २०२० च्या सप्टेंबरात, तिथल्या बायकांनी मोहीम चालवल्यावर मिळाली. भारतीय फॉर्मवर कुणी आजोबांचं नाव आडनाव म्हणून टाकतं, कुणी पहिलंच नाव दोनदा लिहितं. तिच्या नावाची जेवढी रूपं कागदांवर आली असतील, ती सगळी एका ठिकाणी मांडून ठेवा.

मुलाखतीत बाई अधिकारी आणि बाई दुभाषी हवी असं आधीच कळवता येतं. घरात झालेली मारहाण, जबरदस्तीचं लग्न, तुरुंगातला अनुभव या गोष्टी पुरुष दुभाष्यासमोर अर्ध्या राहतात. दुभाषी दरी भाषेची हवी की पश्तो भाषेची, तेही सांगायचं. भाऊ किंवा नवरा दुभाषी म्हणून नको. नवरा-बायको एकत्र अर्ज करत असले तरी तिची मुलाखत स्वतंत्र व्हावी, अशी मागणी करा, कारण अनेकदा धोका घराच्या आतही असतो.

आणि गोष्ट ‘सुधारू’ नका. मदत करणाऱ्यांना हा मोह फार होतो. तिला कुणी धमकीचं पत्र दिलं नसेल तर नाही दिलं. पत्र विकत घेऊन जोडणारे दलाल असतात, आणि एक खोटा कागद खऱ्या दहा कागदांना बुडवतो. तारीख आठवत नसेल तर ‘आठवत नाही, पण ईद नंतरची गोष्ट’ हे उत्तर चालतं. नकार आला तर पत्रात अपिलाची मुदत दिलेली असते. ती चुकवू नका. त्याच दिवशी वकिलाला फोन करा. दिल्लीतला मायग्रेशन अँड असायलम प्रोजेक्ट निर्वासितांना कायदेशीर मदत देतो.

नोंदणी, मुलाखत, कार्ड, तिसऱ्या देशात पुनर्वसन यांपैकी कशाचेही पैसे यूएनएचसीआर घेत नाही. ‘कॅनडाची फाइल लावून देतो’ म्हणणारा माणूस चोर आहे. पुनर्वसनासाठी स्वतःहून अर्ज करता येत नाही, आणि जगातल्या निर्वासितांपैकी वर्षाला १ टक्क्याहून कमी लोकांना ते मिळतं. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये आपला कार्यक्रम थांबवल्यापासून वाट आणखी अरुंद झाली आहे. मिळालंच, तर भारतातून निघताना एक्झिट परमिट लागतं. व्हिसा संपू देऊ नका म्हटलं ते यासाठीही.

प्रेमापोटी केलेली नुकसानं

८ मार्चच्या कार्यक्रमात तिला मंचावर बोलावून फोटो फेसबुकवर टाकणं हे पहिलं. हेरातमध्ये तिचे वडील असतात, आणि फेसबुक तिथेही दिसतं. फोटो हवाच असेल तर तिला विचारा, आणि एकदा ‘नाही’ म्हणाली की पुन्हा विचारू नका. व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचे कागद फिरवणं हे दुसरं. कागद एकाच माणसाकडे, पासवर्ड लावून ठेवा. तिसरं नुकसान नोकरीचं: विद्यार्थी व्हिसावर नोकरी चालत नाही. रोख पगार देऊन ऑफिसात बसवलंत तर अडचणीत ती येईल. त्याऐवजी तेच पैसे शिष्यवृत्ती म्हणून संस्थेच्या खात्यात तिच्या फीपोटी भरा. आणि तिच्या घरी पैसे पाठवायला हवाला वापरू नका. तो भारतात बेकायदा आहे.

युरोपातल्या मराठी मंडळींसाठी

तुमच्या शहरात आश्रय मागितलेली अफगाण बाई असेल तर तिला एक तारीख सांगा: ४ ऑक्टोबर २०२४. त्या दिवशी लक्झेंबर्गच्या युरोपियन न्यायालयाने ऑस्ट्रियातल्या दोन अफगाण स्त्रियांच्या प्रकरणात निकाल दिला. त्यातली एक तर अफगाणिस्तानात कधी राहिलेलीच नव्हती. जबरदस्तीच्या लग्नापासून आणि घरातल्या हिंसेपासून कायद्याचं संरक्षण नसणं हाच छळ आहे, आणि शिक्षण, नोकरी, उपचार, हिंडणं-फिरणं यांवरच्या बंद्या एकत्र धरल्या तर तोही छळच, असं न्यायालय म्हणालं. अर्ज तपासताना ती अफगाण आहे आणि बाई आहे, एवढं सिद्ध झालं तर पुरे, असं सदस्य देश मानू शकतात. स्वीडन, फिनलंड आणि डेन्मार्क हे आधीपासूनच करत होते.

याचा व्यवहारात अर्थ काय? ज्यांना पूर्वी नकार मिळाला किंवा निर्वासित दर्जाऐवजी खालचं, तात्पुरतं संरक्षण मिळालं, त्यांना नव्याने अर्ज करता येण्याची शक्यता आहे. असा निकाल ‘नवी बाब’ म्हणून मांडता येतो, हेही त्याच न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये एका वेगळ्या प्रकरणात मान्य केलं होतं. मात्र मिळालेलं संरक्षण हातात असताना फाइल पुन्हा उघडायची की नाही, हे स्थानिक वकील ठरवेल. जर्मनीत पूर्ण दर्जा मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत कुटुंबाला बोलावण्याचा मनोदय नोंदवला, तर उत्पन्नाची आणि घराची अट लागत नाही. ही मुदत भाषेच्या अडचणीमुळे कितीतरी जणींची हुकते. पत्रपेटीत आलेलं सरकारी पिवळं पाकीट त्याच दिवशी वाचून दाखवणारं कुणी शेजारी असणं, ही तुमची सगळ्यात मोठी मदत. त्या पाकिटावर पोचल्याची तारीख लिहिलेली असते आणि मुदत तिथूनच मोजतात.

एक गैरसमज मात्र काढा. आश्रयाचा व्हिसा नावाची गोष्ट नसते. काबूलमध्ये बसून जर्मनीचा आश्रय मागता येत नाही. जर्मनीने ऑक्टोबर २०२२ मध्ये खास प्रवेश-कार्यक्रम सुरू केला होता, तोही २०२५ मध्ये थांबला.

जी अजून अफगाणिस्तानातच आहे तिच्यासाठी

तिला ‘काहीतरी करतो’ असं सांगू नका. त्या शब्दावर ती नोकरी सोडते, दागिने विकते, पाकिस्तानात किंवा इराणमध्ये शिरते. पाकिस्तानने २०२३ च्या अखेरीपासून अफगाणांना परत पाठवायला सुरुवात केली आहे, इराणने २०२५ मध्ये लाखोंना घालवलं. त्यापेक्षा ठोस द्या. चितगावचं एशियन युनिव्हर्सिटी फॉर विमेन अफगाण मुलींना घेत आलं आहे. युनिव्हर्सिटी ऑफ द पीपलची पदवी पूर्ण ऑनलाइन आहे. पॅरिसहून मार्च २०२४ पासून चालणारी बेगम टीव्ही उपग्रहावरून शाळेचे धडे दाखवते, त्याला इंटरनेट लागत नाही. सप्टेंबर २०२५ च्या शेवटी तालिबानने देशभरचं इंटरनेट जवळजवळ दोन दिवस बंद ठेवलं होतं, हे लक्षात घेऊन धडे डाउनलोड होतील अशा रूपात पाठवा. गणित किंवा इंग्रजी शिकवता येत असेल तर आठवड्यातून एक तास, नाव आणि चेहरा न विचारता शिकवा. कॅमेरा बंद असला की ती लक्ष देत नाही असं समजू नका.

इथल्या सरकारकडे काय मागायचं

८ जुलै २०२५ ला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने तालिबानचा सर्वोच्च नेता हिबतुल्ला अखुंदजादा आणि सरन्यायाधीश अब्दुल हकीम हक्कानी यांच्याविरुद्ध लिंगाधारित छळाच्या आरोपावरून अटक वॉरंट काढलं. त्याच्या आदल्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत अफगाणिस्तानवरच्या ठरावाला ११६ मतं पडली, भारत तटस्थ राहिला. ऑक्टोबरात तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी दिल्लीत आले, तेव्हा पहिल्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकारांना बोलावलंच नाही. ओरड झाल्यावर दोन दिवसांनी दुसरी घेतली, त्यात त्या होत्या. दिल्लीत ओरडण्याचा उपयोग होतो, असा मी त्यातून अर्थ काढतो.

म्हणून खासदारांना लिहा, पण निषेधाचं पत्र नको. त्यांच्या सचिवाला लोकसभेचा तयार प्रश्न द्या, निदान पंधरा दिवसांची पूर्वसूचना जमेल अशा बेताने. प्रश्न असा: २०११ च्या कार्यपद्धतीखाली १५ ऑगस्ट २०२१ पासून किती अफगाण स्त्रियांनी दावा केला, त्यांपैकी किती प्रकरणं ‘लिंग’ या कारणावरून दीर्घकालीन व्हिसासाठी गृहमंत्रालयाकडे पोचली, आणि शिक्षण संपलेल्या अफगाण विद्यार्थिनींना दूतावासातून पासपोर्ट न आणता मुदतवाढ देण्याची काय सोय आहे?